तीस माणसांची नगरपालिका, शहरांचा विमा-पूल आणि दुसऱ्याच्या गावातला अपघात

प्रश्न असा आला आहे: ‘मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेतून लेखापाल म्हणून निवृत्त झालो. सध्या मुलाकडे मिनेसोटात आहे. इथल्या गावाचं बजेट सहज चाळत होतो. कामगार भरपाईचा हप्ता विमा कंपनीला न जाता शहरांनीच काढलेल्या एका ट्रस्टला जातो, असं दिसलं. नगरपालिकेत माणसं जेमतेम तीस. ही भिशी म्हणायची का? दुसऱ्या गावातला माणूस पडला तर या गावानं पैसे का द्यायचे? आणि पैसे कमी पडले तर कोण भरणार?’

काका, नमस्कार. बजेटमधली ही ओळ इथले नागरिक तर सोडाच, निवडून आलेले नगरसेवकही पुष्कळदा न वाचता पुढे जातात. तुमची लेखापालाची नजर तिथं थांबली याचा मला आनंद झाला. गेली एकोणीस वर्षं मी इकडच्या दोन-तीन राज्यांतल्या अशा पूलांचे, म्हणजे अनेक शहरांनी मिळून केलेल्या सामायिक विमा निधींचे, हप्ते आणि राखीव निधी ठरवण्याचं काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी भिशीचं. भिशीत प्रत्येकाला आपले पैसे परत मिळतात, कुणाला आधी तर कुणाला नंतर, एवढाच फरक. पूलमध्ये टाकलेले पैसे कदाचित कधीच परत येणार नाहीत, आणि ते आले नाहीत तर तुमच्या गावात कुणी जखमी झालं नाही असा त्याचा अर्थ. आपल्याकडे कुणाच्या घरी संकट आलं की गावकी वर्गणी काढते, त्याच्या हे जास्त जवळचं आहे. फक्त इथं वर्गणी संकट येण्याआधी, नियमानं आणि हिशेबानं काढलेली असते.

आता मुळात शहराला हा खर्च का येतो? अमेरिकेत कामावर झालेल्या इजेची भरपाई हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. विस्कॉन्सिननं १९११ मध्ये केलेला कायदा टिकला आणि मग एकेक राज्य करत मिसिसिपी १९४८ मध्ये शेवटचं आलं. न्यूयॉर्कचा सुरुवातीचा कायदा तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं २४ मार्च १९११ ला रद्द केला, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार गेले. त्यानंतर हा विषय कुणाला मागे ढकलता आला नाही. कायद्यामागचा सौदा साधा आहे. कामगारानं मालकाची चूक सिद्ध करायची नाही, चूक कुणाचीही असो, दवाखान्याचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा साधारण दोन-तृतीयांश भाग त्याला मिळणार. बदल्यात त्यानं मालकावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा नाही. शहर हेही मालकच, त्यामुळे रस्ता झाडणारा, पाण्याच्या टाकीवर चढणारा, पोलिस, ग्रंथपाल, सगळे यात आले. टेक्सासमध्ये तर खासगी मालकाला हा विमा ऐच्छिक आहे, पण शहरांना सक्तीचा आहे. तिथल्या शहरांनी १९७४ मध्येच आपला संयुक्त निधी उभा केला.

मिनेसोटात ‘सिटी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते विसरा. या राज्यात साडेआठशेच्या वर सिटीज आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांची लोकसंख्या हजारापेक्षाही कमी आहे. म्हणजे आपल्या वाडीएवढ्या. एक क्लार्क, रस्ते-पाणी बघणारी दोन माणसं, एखादा पोलिस आणि हाक आली की धावणारे स्वयंसेवक अग्निशामक. विमा कंपनीच्या दृष्टीनं हे गिऱ्हाईक फार अवघड. हप्ता येणार वर्षाला काही हजार डॉलर, आणि स्वयंसेवक अग्निशामक छतावरून पडून कंबरेखाली अधू झाला तर आयुष्यभराचा खर्च. कंपनी एक तर भरमसाट दर लावते किंवा ‘नको’ म्हणते. सत्तरच्या दशकात शहरांना हे दोन्ही अनुभव येऊन गेले. मग १९८० मध्ये इथल्या शहरांच्या संघटनेनं, लीग ऑफ मिनेसोटा सिटीजनं, स्वतःचा इन्शुरन्स ट्रस्ट काढला. तुमच्या गावचा हप्ता बहुधा तिथंच जातो.

एकत्र येऊन नेमकं काय साधतं, ते आकड्यांत दाखवतो. आकडे समजुतीपुरते धरा. पन्नास कर्मचाऱ्यांमागे वर्षाला एक गंभीर इजा होते असं मानू. पंचवीस माणसांच्या शहरात सरासरी अर्धी इजा. पण अर्धी इजा कुणालाच होत नाही. एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी एक, क्वचित दोन. त्या क्लार्कनं बजेट कशाच्या आधारावर करायचं? आता अशी पाचशे शहरं एकत्र आणा. साडेबारा हजार माणसं, अपेक्षित इजा अडीचशे. गणित सांगतं की बहुतेक वर्षी हा आकडा अडीचशेच्या सोळा-सतरा इकडे किंवा तिकडे पडेल. एका शहराला ज्याचा अंदाजच करता येत नव्हता, ते पाचशे शहरांना सहा-सात टक्क्यांच्या फरकानं सांगता येतं. इजा एकीनंही कमी झाली नाही. फक्त तिची किंमत कुणा एका गावाचं कंबरडं मोडणार नाही एवढी पसरली गेली. तुमच्या ‘दुसऱ्याच्या गावातल्या माणसासाठी आम्ही का?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं उत्तर हप्त्याच्या न्यायात आहे, आणि माझ्या मते पूलचा खरा कस तिथंच लागतो. सगळ्यांनी समान वर्गणी दिली तर जिथं सगळं कारकुनी काम आहे ते शहर वैतागून बाहेर पडेल. म्हणून प्रत्येक कामाचा वर्ग ठरलेला असतो आणि वर्गाला क्रमांक असतो. कार्यालयीन काम ८८१०, पोलिस ७७२०, कचरा उचलणं ९४०३. हे क्रमांक आमच्या तोंडात इतके बसलेत की दोन सहकारी जेवताना बोलत असले तर बाहेरच्याला काही कळणार नाही. प्रत्येक वर्गाला शंभर डॉलर पगारामागे इतका, असा दर. उदाहरण घ्या. तुमच्या शहराचा कार्यालयीन पगार दोन लाख डॉलर, दर ०.४० धरला तर हप्ता ८००. पोलिसांचा पगार तीन लाख, दर ४.५०, म्हणजे १३,५००. रस्ते-पाणी विभाग अडीच लाख, दर ५, म्हणजे १२,५००. बेरीज २६,८००. शहराच्या मागच्या अपघातांच्या नोंदीवरून एक गुणक लागतो. तो ०.९२ असेल तर भरायचे २४,६५६ डॉलर. दर माझे आहेत, रीत खरी आहे.

हा गुणक साधारण तीन वर्षांच्या नोंदींवरून काढतात आणि अगदी ताजं वर्ष त्यातून वगळतात, कारण त्या वर्षाचे दावे अजून कच्चे असतात. त्यात वारंवार होणाऱ्या लहान इजांना एका मोठ्या इजेपेक्षा जास्त वजन असतं. नगरसेवकांना हे उलटं वाटतं. पण मोठा अपघात नशिबाचाही असू शकतो. वर्षाला सहा वेळा कुणाची तरी पाठ धरते, तेव्हा तिथं कामाची पद्धतच बिघडलेली असते. अगदी छोट्या गावांना हा गुणक लागतच नाही, त्यांच्या तीन वर्षांच्या नोंदीतून शिकण्यासारखं काही निघत नाही. स्वयंसेवक अग्निशामकांना नियमित पगार नसतो, म्हणून त्यांचा हप्ता बऱ्याच ठिकाणी गावाच्या लोकसंख्येवर बांधलेला असतो. इजा झाली तर मात्र त्यांना भरपाई पगारी अग्निशामकाच्या मानानं मिळते. आठवड्यातून एकदा सरावाला येणाऱ्या दुकानदाराचं घर त्यामुळे बुडत नाही. या तरतुदीचा मला मनापासून अभिमान वाटतो, जरी ती मी केलेली नाही.

आता एक प्रत्यक्ष दावा सांगतो, कारण पूल म्हणजे काय हे त्याशिवाय समजत नाही. जानेवारीतली पहाट, उणे बावीस. एका छोट्या शहराचा सार्वजनिक बांधकाम विभागातला माणूस बर्फ लोटणाऱ्या ट्रकमधून उतरताना पायरीवर घसरला. गुडघा आतल्या बाजूला वळला आणि अस्थिबंध तुटला. क्लार्कनं त्याच दिवशी इजेचा पहिला अहवाल पाठवला. कायद्यानं दहा दिवसांची मुदत आहे, पण तिनं दहा दिवस वाट पाहिली नाही, आणि तिथंच निम्मं काम झालं. आमच्या दावे बघणाऱ्या बाईंनी त्याच दुपारी त्या माणसाला फोन केला. पहिला प्रश्न इजेचा नव्हता. ‘घरी वर-खाली जायला जिना आहे का? बर्फ कोण काढणार?’ हा होता.

शस्त्रक्रिया झाली. त्याचा आठवड्याचा पगार १,२०० डॉलर, म्हणजे भरपाई ८००, तीही आयकराशिवाय. मिनेसोटात पहिले तीन दिवस भरपाई लागू होत नाही, पण कामाला न जाणं दहा दिवस किंवा त्याहून जास्त लांबलं तर पहिल्या दिवसापासून मिळते. डॉक्टर म्हणाले, पूर्ण कामाला चौदा आठवडे. एरवी चौदा आठवडे घरी, ११,२०० डॉलर. पण सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी लिहून दिलं की बसून काम चालेल, शिडी नाही, वीस पौंडांपेक्षा जास्त उचलणं नाही. शहराकडे बसून करायचं काम कुठलं? आम्ही दोघं-तिघं फोनवर डोकं लावून बसलो. तेव्हा अधीक्षकाला आठवलं की गावातल्या सगळ्या अग्निशमन नळांची आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची नोंद वीस वर्षं कागदावरच पडून आहे. हा गडी प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं फिरवलेला. त्यानं आठ आठवडे बसून तो सगळा नकाशा संगणकावर चढवला, पूर्ण पगारावर. भरपाईचे ११,२०० जाणार होते ते ४,८०० वर थांबले, पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. तो माणूस घरात बसून ‘आपण निकामी झालो’ या विचारात गेला नाही. पुढच्या हिवाळ्याआधी पूलनं सगळ्या सभासद शहरांना ट्रकच्या पायऱ्यांवर बसवायच्या खरखरीत जाळ्यांची आणि बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या पट्ट्यांची माहिती पाठवली. विमा कंपनीही हे करू शकते. पण पूलचे पैसे शहरांचेच असल्यामुळे इथं ते मनापासून होतं.

पैसे कुठून जातात, त्याचे थर असे. काही शहरं हप्ता कमी व्हावा म्हणून दाव्याचा पहिला थोडा भाग स्वतः उचलतात. त्यावरचा भाग पूलचा. एका ठरावीक मर्यादेवरचा भाग पुनर्विम्याचा, म्हणजे पूलनं स्वतःसाठी घेतलेल्या विम्याचा. मिनेसोटाची इथं एक खास गोष्ट आहे. राज्यानं १९७९ मध्ये कायदा करून कामगार भरपाईसाठी एक पुनर्विमा संघच उभा केला. प्रत्येक विमा कंपनीला आणि स्वतः जोखीम पेलणाऱ्या प्रत्येक मालकाला त्याचं सभासद व्हावंच लागतं, आणि मर्यादेवर कितीही खर्च झाला तरी तो संघ देतो, त्याला वरची सीमा नाही. दुसऱ्या राज्यांत हे संरक्षण बाजारातून घ्यावं लागतं, किंवा पूलांचा पूल करावा लागतो. कॅलिफोर्नियात कौंटींनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी, १९७९ मध्ये एकत्र येऊन काढलेलं प्राधिकरण आज प्रिझम नावानं चालतं आणि त्यात शहरं आणि शाळाही आहेत. मोठ्या शहरांचं वेगळं. त्यांच्याकडे माणसंच इतकी असतात की ती बहुधा स्वतःची जोखीम स्वतःच पेलतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न, पैसे कमी पडले तर. लेखापाल म्हणून हा भाग तुम्हाला सगळ्यात जवळचा वाटेल.

गाडीच्या विम्यात अपघात झाला, गॅरेजचं बिल आलं, विषय संपला. कामगार भरपाईत दावा पंचवीस-तीस वर्षं जिवंत राहतो. औषधोपचाराला वरची मर्यादा नाही. १९९८ साली पाठीला लागलेल्या माणसाच्या वेदनाशामकांचं बिल आजही येतं. त्यामुळे या वर्षी गोळा केलेल्या हप्त्यातला मोठा भाग या वर्षी खर्च करायचाच नसतो. तो पुढच्या वीस वर्षांच्या देण्यांसाठी बाजूला ठेवायचा असतो. माहीत असलेल्या दाव्यांची तरतूद वेगळी, आणि घडून गेलेल्या पण अजून पूर्ण उलगडलेल्या नसलेल्या खर्चाची तरतूद वेगळी. ही दुसरी तरतूद डोळ्यांना दिसत नाही. ताळेबंदात ती कमी दाखवली तर पूल श्रीमंत दिसतो, हप्ता कमी करता येतो, लाभांश वाटता येतो, टाळ्या मिळतात. पाच-सात वर्षांनी खड्डा उघडा पडतो, आणि तोपर्यंत टाळ्या घेणारे गेलेले असतात. म्हणून चांगले पूल नुसत्या सरासरीवर पैसे बाजूला काढत नाहीत. ऐंशी टक्के खात्रीची पातळी धरली, याचा अर्थ दहापैकी आठ वेळा तेवढे पैसे पुरतील. संचालक मंडळ अंदाज थोडा खाली आणायला सांगतं तेव्हा मी नकार देतो. या कामात माझ्या हातून घडणारी सगळ्यात उपयोगाची गोष्ट तो नकार आहे, असं मला वाटतं.

नकार न दिल्यास काय होतं, ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. तिथं खासगी मालकांनी एकत्र येऊन केलेले स्वयंविम्याचे ट्रस्ट २००० नंतरच्या दशकात एकामागून एक कोसळले. हप्ते कमी लावलेले, तरतुदी अपुऱ्या. करारात जबाबदारी संयुक्त आणि प्रत्येकाची स्वतंत्रही होती, म्हणजे सगळ्यांचं देणं कुणा एकाकडूनही वसूल करता येत होतं. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं एकही अपघात झाला नव्हता, अशा छोट्या दुकानदारांच्या हातात इतरांच्या देण्याची बिलं पडली. शहरांच्या पूलांचा इतिहास याहून पुष्कळ बरा आहे, कारण शहर गाशा गुंडाळून रातोरात निघून जात नाही आणि त्याला कर लावायचा अधिकार असतो. तरी बऱ्याच करारांत ‘तूट आल्यास सभासदांकडून जादा वर्गणी घेता येईल’ असं कलम असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नये.

अलीकडच्या काळातली सगळ्यात मोठी परीक्षा पोलिसांच्या मानसिक आघाताची. मिनेसोटानं १ जानेवारी २०१९ पासून कायदा बदलला. पोलिस, अग्निशामक आणि अशा काही कर्मचाऱ्यांना पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार) झाल्याचं निदान झालं तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. मग मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांच्या हातून हत्या झाली, आणि त्यानंतर राज्यभर पोलिसांचे असे दावे झपाट्यानं वाढले. पोलिस वर्गाचे दर चढले. दोन पोलिसांच्या गावानं विचारलं, ‘आमच्याकडे दंगल नाही, काही नाही, आम्ही का जास्त द्यायचं?’ तुमचाच प्रश्न. मी तेव्हा त्यांना जे सांगितलं ते आजही सांगेन. तुमच्या पोलिसानं रात्री दोन वाजता महामार्गावर चेंदामेंदा झालेल्या गाडीतून लेकरू बाहेर काढलं, तर ते दृश्य घेऊन तो तुमच्याच गावात राहणार आहे. त्या दिवशी बाकीची शहरं तुमच्यासाठी भरतील. २०२३ मध्ये राज्यानं एक सुधारणा केली. पीटीएसडीसाठी कायमच्या अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मागण्याआधी आता २४ आठवड्यांपर्यंत उपचार घ्यायचे, शहराच्या खर्चानं. मला ती योग्य वाटते. ज्यांना बरं होऊन कामावर यायचं आहे, त्यांना आधी बरं होण्याची संधी मिळायला हवी.

बाहेर पडणाऱ्या शहरांबद्दल एक सांगतो. बाजार सैल असला की एखादी कंपनी येऊन पूलपेक्षा पंधरा टक्के कमी दर देते, तेही नेमकं चांगली नोंद असलेल्या शहराला. माझ्या ओळखीच्या एका शहरानं असा दर घेतला. दोन वर्षं बचत झाली. तिसऱ्या वर्षी दोन मोठ्या इजा झाल्या आणि कंपनीनं नूतनीकरणाला दुपटीच्या जवळचा दर लावला. शहर परत आलं, पण परतीच्या आधी थांबायची मुदत करारातच होती आणि ती पाळावी लागली. मला त्या शहराचा राग नव्हता, पैसे वाचवणं हे नगरसेवकांचं कामच आहे. पण चांगली शहरं निघून गेली की मागे फक्त जास्त अपघातांची शहरं उरतात, दर आणखी चढतो, आणखी काही निघतात. पूल मरतो तो असा.

तुम्ही शेवटी आपल्याकडचं विचारलं नाही, पण मनात असणार. आपल्याकडे १९२३ चा भरपाईचा कायदा आला तेव्हापासून हिशेबाचं सूत्र आहे आणि मुख्य मालकाची जबाबदारीही आहे. २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत त्या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार ठेकेदाराच्या माणसाची भरपाई आधी नगरपरिषदेनं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, असं होतं. सफाईचं काम ठेक्यानं गेलं की विम्याची पॉलिसी ठेकेदाराच्या नावावर जाते, आणि ती चालू आहे की बंद पडली हे अपघात झाल्यावर कळतं. तुम्ही असे कागद हाताळले असतील. एका जिल्ह्यातल्या नगरपरिषदांनी ठेकेदारांच्या माणसांसकट एकत्र निधी केला तर तो चालेल का, या प्रश्नावर तुमच्याशी बसून बोलायला मला फार आवडेल. सगळ्यात आधी अडेल ती नोंद. कोण, कधी, कसा जखमी झाला याची पाच वर्षांची खरी यादी हातात असल्याशिवाय मला कुठलाही दर काढता येणार नाही.

इथल्या गावात तुम्हाला आणखी खोलात जायचं असेल तर सिटी हॉलमध्ये जा. क्लार्ककडे तीन कागद मागा: गेल्या पाच वर्षांच्या दाव्यांची यादी, गुणकाचा कागद आणि पूलशी झालेला करार. कागदपत्रं खुली असतात, फार तर जखमींची नावं झाकून देतील. करारात जादा वर्गणीचं आणि बाहेर पडण्याचं कलम आधी वाचा. यादीत एकाच प्रकारची इजा तीनदा दिसली तर ती पेन्सिलीनं गोल करून क्लार्कला दाखवा.